पफर जॅकेट आत्ता, की जुलैतलं कॉलेज?

प्रश्न : ताई, मी १७ वर्षांची आहे, पुण्यात बारावी कॉमर्सला. माझ्याकडे १८,५०० रुपये जमलेत. ६,००० दिवाळी-भाऊबीजेच्या ओवाळणीचे, २,५०० वाढदिवसाचे आणि १०,००० मी मे महिन्यापासून मेंदी काढून कमावलेले. मला कपड्यांचा नाद आहे, हे मी लपवत नाही. प्रत्येक सीझनला काय चालू आहे ते मी फोनवर बघत असते. घरचे म्हणतात वेळ वाया जातो, पण कोणत्या रंगावर काय जातं हे मला खरंच कळतं. या हिवाळ्यात सगळीकडे चॉकलेटी आणि मरून आहे आणि सगळं ढगळं. माझी यादी अशी : पफर जॅकेट (आत भरण असलेलं, फुगीर) ४,९९९, ट्रेंच कोट (लांब, पट्ट्याचा) ३,४९९, घोट्यापर्यंतचे बूट ३,२९९ आणि १,४९९ला एक अशा दोन हुडी. कॉलेजला युनिफॉर्म आहे, पण डिसेंबरअखेर आमचा ग्रुप दोन दिवस महाबळेश्वरला जाणार आहे. जानेवारीच्या सेलपर्यंत थांबले तर ट्रेंडच निघून जाईल. मैत्रीण म्हणते, आईच्या खात्यावरून ‘आत्ता घ्या, नंतर पैसे द्या’ करून तीन हप्त्यांत घे. आई म्हणते, सगळे एफडीत टाक. काय करू?

उत्तर : तू किमतीसकट यादी पाठवलीस, ते फार बरं केलंस. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांनाही मला आधी हेच करायला सांगावं लागतं. आणि कपड्यांच्या नादाबद्दल संकोच करू नकोस. सतराव्या वर्षी आपण कसे दिसतो याला महत्त्व असतं, आणि स्वतःच्या कमाईतले पैसे त्यावर घालण्यात मला काही गैर वाटत नाही. ‘कपडे घेऊ नकोस’ असं मी म्हणणार नाही. पण ही यादी या महिन्यात घेऊ नकोस, हे मात्र ठामपणे सांगते.

यादीची बेरीज होते १४,७९५. म्हणजे तुझ्याकडे उरतात ३,७०५. महाबळेश्वरच्या सहलीचा खर्च घरचे देणार की तुझा तू करणार, हे तू लिहिलं नाहीस. तो तुझ्यावर असेल तर गाडीभाडं, राहणं, खाणं यांत हे उरलेले पैसेही संपतील आणि जानेवारीत तुझ्या हातात काहीच नसेल. हे आधी घरी विचारून घे.

आता किंमत बाजूला ठेवून एकेक कपडा अंगावर किती वेळा चढेल ते मोजू. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बरेचदा १०-१२ अंशांवर येतो आणि दुपारी २९-३० अंशांपर्यंत जातो. तू सकाळी सहाच्या क्लासला स्कूटीवरून जात असशील तर गारवा खरा, पण नऊ वाजता तेच जॅकेट हातात घेऊन फिरायची वेळ येते. अशा सकाळी फार तर ३५ मिळतील. पफर त्या प्रत्येक सकाळी घातलं तरी एका वेळेला १४३ रुपये पडले. आणि दोन हुडी घेतल्यावर पफर रोज घातलं जाणारच नाही. ट्रेंच कोट युनिफॉर्मवर चालणार नाही, रविवारी दुपारी उकडेल. महाबळेश्वरचे दोन दिवस आणि आणखी एखादी संध्याकाळ धर. तीन वेळांचे ३,४९९, म्हणजे एका वेळेचे अकराशेच्या वर. हुडीचं उलट आहे. क्लास, एसीची अभ्यासिका, रात्रीचा एसटी प्रवास, पुढे पावसाळ्यातली गार संध्याकाळ, सगळीकडे ती चालते. वर्षात साठ वेळा तरी घालशील. एका वेळेला २५ रुपये. तुझ्या यादीतली मला पटलेली खरेदी ही.

बुटांबद्दल जरा थांबून सांगते, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. ३,२९९च्या फॅशनच्या बुटांत कातडं बहुधा नसतं. कापडावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, थर दिलेला असतो आणि ओलसर हवेत तो थर हळूहळू कुजतो, बूट न घालता नुसते ठेवले तरी. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या भाचीने माळ्यावरून तिचे असेच बूट काढले. मोजून पाच वेळा घातलेले. खोक्यातला पातळ कागद उलगडला तर काळे पापुद्रे कागदाला चिकटून आलेले आणि आतलं पांढरं कापड उघडं पडलेलं. तिने ते बोटाने दाबून दाबून परत बसवायचा प्रयत्न केला, ते बघवत नव्हतं. पफरचंही तसंच. मशिनमध्ये चुकीचं धुतलं तर आतलं भरण एका कोपऱ्यात गोळा होतं. घेण्याआधी आतल्या शिवणीतली धुण्याची पट्टी वाच, ड्राय क्लीनिंग लिहिलं असेल तर तो खर्चही किमतीत धर.

आता ट्रेंडकडे येऊ. तू जे फोनवर बघतेस तो हिवाळा खरा आहे, पण तो आपल्या गावचा नाही. झारा स्पेनची, एच अँड एम स्वीडनची. या कंपन्यांचं वर्ष तिकडच्या हवेवर चालतं. तिकडे थंडीचा माल ऑगस्ट-सप्टेंबरपासून दुकानात लागतो, म्हणून आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात घाम पुसत असताना तुझ्या फोनवर कोट दिसायला लागतात. पफर आणि ट्रेंच तिकडे चार-पाच महिने रोज लागतात, म्हणून तिथल्या मुलीला ते परवडतात. रंगांचंही बघ. पॅन्टोन ही अमेरिकन कंपनी दरवर्षी ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. २०२३चा होता झगझगीत गुलाबी व्हिवा मॅजेन्टा, २०२४चा पीच फझ, २०२५चा चॉकलेटीच्या घरातला मोका मूस. तीन वर्षांत तीन टोकं. तुला रंगाची जाण आहे, म्हणून हे तुलाच सांगते : चॉकलेटी तुला शोभत असेल तर तो पुढच्या वर्षीही शोभेल. फक्त तो १,४९९च्या हुडीत घे, ३,४९९च्या कोटात नको.

कराचा एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. तुझ्या यादीतल्या तीन मोठ्या वस्तू वरच्या दरात बसतात. त्यांच्या ११,७९७ रुपयांत जवळपास १,८०० रुपये नुसता कर आहे. एका हुडीपेक्षा जास्त.

हप्त्यांना माझा स्पष्ट नकार आहे. तू अठराची नाहीस. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीला करार करता येत नाही, त्यामुळे ते कर्ज कागदावर तुझं नसून आईचं असेल. अशा सोयींची थकबाकी क्रेडिटच्या नोंदीत, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात त्या परतफेडीच्या नोंदीत, जाऊ शकते. तुझा एक हप्ता चुकला आणि उद्या आई तुझ्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेली, तर तिथे बोलणी तिला खावी लागतील. हातात १८,५०० असताना उधारीवर जॅकेट का घ्यायचं?

आईचं म्हणणं मला अर्धं पटतं. सगळे पैसे एफडीत टाकले आणि ६ टक्के व्याज धरलं, तरी सात महिन्यांत साडेसहाशेच्या आसपास मिळतील. त्यासाठी तुझी सगळी हौस मारावी असं मला वाटत नाही. पण थोडे पैसे हातापासून लांब हवेत, कारण तुझा कपड्यांचा खरा खर्च अजून यायचाच आहे. आत्ता आठवड्याचे सहा दिवस तू युनिफॉर्ममध्ये असतेस. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, म्हणजे मार्चपर्यंत फारसं कुठे जाणं नाही. आणि जून-जुलैत पदवीच्या पहिल्या वर्षाला जाशील तेव्हा बहुधा युनिफॉर्म संपलेला असेल. तिथे रोज काहीतरी घालावं लागेल, तेही भर पावसात. चार-पाच कुर्ते किंवा टॉप, लवकर वाळणाऱ्या दोन पँट, चांगला रेनकोट, चिखलात टिकणारी चप्पल. नवीन वर्गातल्या मुली तुला पहिल्यांदा बघतील त्या या कपड्यांत. तुझी नजर आणि तुझे पैसे मला तिथे लागलेले आवडतील.

म्हणून मी असं करेन. आत्ता एक चॉकलेटी हुडी आणि आत घालायला थर्मल, मिळून २,००० पर्यंत. जुलैसाठी ९,००० तुझ्या नावावर एफडीत. दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, तुझं खातं नसेल तर याच निमित्ताने उघड. २,५०० पफरसाठी वेगळे ठेव. जानेवारीअखेर सेलमध्ये ते त्या किमतीत आलं, तुझा साइज मिळाला आणि तुला अजूनही हवंसं वाटलं, तर खुशाल घे. लहान आणि मधले साइज आधी संपतात, तेव्हा नाही मिळालं तर त्या पैशांत दुसरंच काही उचलू नकोस. सहलीसाठी ३,५०० बाजूला, घरच्यांनी खर्च केला तर तेही खात्यात.

राहिलेले १,५०० मेंदीवर घाल, हे मी आग्रहाने सांगते. कोन, चांगलं तेल, आणि तू काढलेल्या हातांचे उजेडात घेतलेले फोटो एका वहीत छापून. परीक्षा संपेल तेव्हा एप्रिल-मेची लग्नसराई तोंडावर असेल. नवरीकडचे लोक नमुने बघून ठरवतात. यंदा पहिल्याच वर्षी तू १०,००० मिळवलेस. या १,५०० रुपयांतून येईल तितकं कोणतीही एफडी तुला देणार नाही.

महाबळेश्वरला पफर हवंच असेल तर मावशी, आत्या, शेजारपाजारी विचार. हिमाचलची सहल करून आलेलं एखादं घर सापडतंच, आणि त्यांचं जॅकेट कपाटात पडून असतं. परत देताना ते धुण्याच्या पट्टीप्रमाणे स्वच्छ करून दे. वेण्णा तलावावर पहाटे जाणार असाल तर कानटोपी आणि मोजे विसरू नकोस. काही वर्षी तिथे दवबिंदू गोठतात, आणि थंडी आधी कानांना लागते.