वाचकांचे प्रश्न : कँटोनीजमध्ये ‘खेळणे’ कसे म्हणायचे?

प्रश्न : हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी भाषा, कँटोनीज, शिकतो आहे. खेळांची तीसेक कँटोनीज नावे पाठ झाली आहेत. पण प्रत्येकाआधी ‘वान२’ (खेळणे; आकडा सुराचा) लावले की चूक ठरते. असे का?

उत्तर : ‘वान२’ हे पत्ते, खेळणी, मौजमजा यांसाठी. बाकी खेळात प्रत्यक्ष काय करता, त्यावर क्रियापद ठरते. हाताने किंवा रॅकेटने चेंडू मारायचा असेल तर ‘ता२’ म्हणजे मारणे : ‘ता२ लाम४ खउ४’ बास्केटबॉल, ‘ता२ यू५ मोउ४ खउ४’ बॅडमिंटन. माजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळालाही ‘ता२’च, आणि व्हिडिओ गेमला ‘ता२ केइ१’, शब्दशः ‘यंत्र मारणे’. फुटबॉल मात्र लाथेचा, म्हणून ‘थेक३ पो१’. बुद्धिबळाला ‘चुक१ खेइ२’, यातला ‘चुक१’ म्हणजे चक्क ‘पकडणे’. मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाणभाषा, आधी शिकलेले इथे हटकून अडखळतात, कारण तिथले क्रियापद वेगळे आहे.

म्हणून सुटे नाव पाठ करूच नका, जोडी पाठ करा. आणि ती जोडी मधून उघडते हेही लगेच शिका. ‘फुटबॉल खेळतोय’ म्हणजे ‘थेक३ कन२ पो१’, ‘खेळला’ म्हणजे ‘थेक३ चो२ पो१’. मराठीत काळ शेवटी येतो, त्यामुळे आपण ‘थेक३ पो१ कन२’ म्हणून बसतो. ते चूक.

प्रश्न : युतपिंग या कँटोनीजच्या रोमन लेखनपद्धतीत लिहिलेले वाचताना उच्चार बिघडतात. उपाय?

उत्तर : रोमन अक्षरे इंग्रजीसारखी वाचू नका. तिथला ‘बी’ म्हणजे आपला प, ‘डी’ म्हणजे त, ‘जी’ म्हणजे क. ‘पी’, ‘टी’, ‘के’ म्हणजे फ (ओठ मिटून), थ, ख. ‘झेड’ हा ‘चाक’मधला च, आणि ‘जे’ हा य. मराठी माणसाला हे सगळे आयतेच येते, फक्त अक्षराची ओळख बदलायची.

आकडे सहा सुरांचे. ते सोडू नका. सूरही जुळला, तर दोन शब्द कानाला एकच होतात : ‘हरणे’ आणि ‘पुस्तक’ दोन्ही ‘श्यू१’, सुरासकट एकच. म्हणूनच, ‘हरणे’ कानी पडायला नको म्हणून, पंचांगाला ‘थुंग१ श्यू१’ऐवजी ‘थुंग१ सिंग३’ म्हणतात, ‘सिंग३’ म्हणजे विजय.

‘थेक’, ‘चुक’ यांतला शेवटचा क मात्र आपण फोडून म्हणतो. तो फोडायचा नाही : जीभ मागे टाळूला लावा, श्वास अडवा आणि तिथेच थांबा.