विहिरीत टीसीएल किती टाकायची, आणि ड्रिपमध्ये काय?

पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका वस्तीवरून विचारणा आली आहे. पुराचे पाणी विहिरीत शिरले होते. ओसरल्यावर दोन किलो टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वरूनच विहिरीत ओतली. दोन दिवस पाण्याला उग्र वास होता, तिसऱ्या दिवशी पुन्हा कुबट झाले. घरची माणसे, जनावरे आणि द्राक्षबागेचे ड्रिप, सगळे याच विहिरीवर आहे. ड्रिपर बुळबुळीत होऊन तुंबतात. गोठ्याच्या सांडपाण्यातही हीच पावडर टाकावी का, असेही विचारले आहे.

२००५, २०१९, २०२१, दर महापुरानंतर हा प्रश्न आलाच आहे. क्लोरीन आधी चिखल, कुजका पाला आणि शेण यांवर खर्च होतो, आणि त्यातून उरला तरच जंतूंपर्यंत पोचतो. गढूळ विहिरीत दोन किलो काय, चार किलो टाकली तरी गाळच ती खाऊन टाकतो. म्हणून पहिले काम मोटर लावून विहीर उपसण्याचे. गाळ काढा, कठडा आणि पायऱ्या घासून घ्या. नवे पाणी येऊन निवळले की मगच पावडर.

मापासाठी विहिरीचा व्यास फुटात घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, म्हणजे अंदाजे लिटर. २० फूट व्यासाच्या विहिरीत १५ फूट पाणी असेल तर सुमारे १ लाख ३२ हजार लिटर होते. नेहमीच्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. पुरानंतर ५ ग्रॅमपासून सुरुवात करा. म्हणजे या विहिरीला साधारण ६६० ग्रॅम. हा हिशेब ताज्या पावडरीचा, जिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात पावसाळाभर पडलेली, ढेकळे झालेली पावडर म्हणजे बराचसा चुनाच.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटे निवळू द्या. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती दोराने विहिरीत सोडा आणि वरखाली हलवून पाणी ढवळा. खालचा चुना विहिरीत टाकू नका. हे संध्याकाळी करा आणि रात्रभर पाणी उपसू नका.

सकाळी ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात किती क्लोरीन उरला ते पिवळ्या रंगावरून बघा. किट गावच्या जलसुरक्षकाकडे असते. रंग पाच-दहा सेकंदांतच बघा. नंतर चढणारा पिवळेपणा बऱ्याचदा अमोनियाशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याचा मारा कमी. पिण्याच्या पाण्यात ०.५ पीपीएमच्या (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) आसपास क्लोरीन उरलेला हवा. ०.२ च्या खाली असेल तर पुन्हा मात्रा द्या. तुमच्या विहिरीचा तो ‘उग्र वास’ मला अशाच जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा वाटतो. शेणमूत मिसळलेल्या पाण्यात असे होते, आणि वास आला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे आपण धरून चालतो. टेस्टचे पाणी फेकून द्या, पिऊ नका. पुरात खतांची पोती किंवा औषधांच्या बाटल्या विहिरीत गेल्या असतील तर क्लोरीनने ते विष जात नाही. पाणी तपासून येईपर्यंत पिण्याला दुसरी सोय करा.

आता ड्रिप. आधी तुंबलेला ड्रिपर फोडून बघा. पांढरा थर असेल तर त्यावर आम्लाचा थेंब टाका. फसफसला तर तो क्षार आहे, त्याला आम्ल प्रक्रियाच हवी. बुळबुळीत शेवाळ असेल तर क्लोरीन. ड्रिपला टीसीएल वापरू नका, तिच्यातला चुना नळ्यांत बसतो. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण घ्या. १० टक्क्यांचे असेल तर हजार लिटरला २०० मिली, म्हणजे २० पीपीएम. शेवटच्या लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळीच्या) टोकाला एक-दोन पीपीएम लागले पाहिजे, तिथे रंगच दिसत नसेल तर मात्रा कमी पडली. मग पंप बंद करून काही तास तसेच ठेवा आणि टोके उघडून घाण वाहू द्या. ऑक्टोबर छाटणीपूर्वी हे उरकलेले बरे.

पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर असेल, आणि काळ्या चोपण रानातल्या विहिरींचा तो असतोच, तर क्लोरीनचा जेमतेम पाव हिस्साच जोराने काम करतो. म्हणून काही जण त्याच टाकीत आम्ल ओततात. हे कधीही करू नका! विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद पंपघरात माणूस गुदमरतो. आम्ल आणि क्लोरीन वेगवेगळ्या दिवशी सोडा. युरिया किंवा अमोनियम सल्फेटच्या टाकीतही क्लोरीन नको. ट्रायकोडर्मा किंवा जीवामृत सोडायचे असेल तर क्लोरीननंतर दोन-तीन दिवस जाऊ द्या, नाहीतर पैसे देऊन आणलेली चांगली बुरशी आपणच मारू.

गोठ्याच्या सांडपाण्यात पावडर टाकू नका. शेणमूत ती क्षणात संपवते, डोळे झोंबतात ते वेगळे, आणि ते पाणी गोबरगॅसला जात असेल तर तिथले जिवाणू मरून गॅस बसतो. सांडपाणी शोषखड्ड्यात घ्या किंवा नेपियर गवताला द्या. खड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब आणि उताराच्या बाजूला हवा. तुमच्या पत्रातल्या नकाशावरून तो सध्या विहिरीच्या वरच्या अंगाला दिसतो. पावडर आणण्याआधी तो हलवा.