महिला आरक्षणातून आलेल्या सहकारी बढतीत पुढे जातात का? (जिल्हा परिषद, सोलापूर)

नाही, तुमच्यासोबत 30 टक्के महिला आरक्षणातून कनिष्ठ सहाय्यक झालेल्या सहकाऱ्यांना वरिष्ठ सहाय्यक पदाच्या बढतीत त्या आरक्षणाचा काहीच फायदा नाही. 25 मे 2001 च्या शासन निर्णयानुसार हे आरक्षण फक्त सरळसेवा भरतीपुरतं (बढतीने नव्हे, थेट बाहेरून होणाऱ्या भरतीपुरतं) आहे. बढतीला ज्येष्ठता लागते, आणि एकाच भरतीतल्यांची ज्येष्ठता साधारणपणे निवड यादीतल्या गुणानुक्रमाने ठरते. म्हणजे त्यांचे गुण कमी असतील तर त्या यादीत तुमच्या खालीच असणार; बढतीत तुमच्या पुढे गेल्या असतील तर गुण तरी जास्त असतील, नाहीतर तुमची विभागीय परीक्षा किंवा गोपनीय अहवाल (वरिष्ठांनी लिहिलेला कामाचा वार्षिक अहवाल) अडला असेल. (ऑफिसात चहाच्या वेळी हे कुणी सांगत नाही.) सोलापूर असो की लातूर, 1 जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती ज्येष्ठता यादी निघते तेव्हा ती नीट वाचा आणि चूक दिसली तर मुदतीत जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागाकडे लेखी हरकत द्या. तोंडी तक्रारीला किंमत नाही. मागासवर्गीयांचं बढतीतलं आरक्षण मात्र वेगळा विषय आहे: 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याबाबतचा शासन निर्णय रद्द केला आणि 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने बढत्या ज्येष्ठतेवर आल्या. त्याबद्दल विचारायचं असेल तर सध्याचं परिपत्रक आधी बघा.