इंग्लंडमध्ये खासगी पार्किंग कंपनीने काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म पाठवलाय. भरून मोकळं व्हावं की लढावं?

लढा. निदान मुदतीत उत्तर तरी द्या. तुम्ही लिहिलंय की कागदावर नॉर्थम्पटनचा पत्ता आहे, शंभर पौंडांचे अडीचशेच्या वर झालेत, पुढे नागरिकत्वाला अडचण येईल अशी भीती वाटते आणि घरचे म्हणतात परमुलखात कोर्टाची भानगड नको. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले.

आमच्याकडे हे माझ्या मोठ्या दिरांनी ऐकवलं होतं. भावोजी लेस्टरला बरीच वर्षं आहेत, घरात त्यांचा शब्द चालतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. भरून टाक आणि विसरून जा.’ त्यांच्या डोळ्यांपुढे गावाकडचा बांधाचा दावा असतो, आजोबांनी टाकलेला आणि नातवापर्यंत तारखा चाललेला. इथल्या स्मॉल क्लेमचा (थोड्या रकमेच्या दिवाणी दाव्याचा) त्याच्याशी काडीचा संबंध नाही. वकील लागत नाही, सुनावणी तास-दीड तासात आटोपते, आणि प्रतिवादी व्यक्ती असेल तर ती त्याच्या घराजवळच्या कोर्टात लागते.

गाडी माझ्या नावावर आहे. त्या डिसेंबरात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना जाड कोट घ्यायला रेडिंगजवळच्या एका रिटेल पार्कात गेलो. गाडी हे चालवत होते. दुकानातल्या हीटरच्या झळांनी सासूबाईंना गरगरायला लागलं. त्यांना गाडीत आणून बसवलं, पाणी दिलं, साखर घालून चहा आणला. त्या सावरेपर्यंत दोन तासांची फुकट मर्यादा उलटून गेली. आत येताना आणि बाहेर पडताना कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपली होती. ख्रिसमस उरकल्यावर माझ्या नावाने शंभर पौंडांची नोटीस आली.

मी कीपर (गाडी जिच्या नावावर नोंदलेली ती व्यक्ती) म्हणून अपील केलं, चालकाचं नाव घातलं नाही. छापील नकार आला. मग लाल अक्षरांतली वसुलीवाल्यांची पत्रं सुरू झाली, वर सत्तर पौंड चढवून. या पत्रांना घाबरू नका. हे लोक बेलिफ, म्हणजे कोर्टाचे जप्तीवाले, नव्हेत. कोर्टाच्या निकालाशिवाय दाराशी येऊन तुमची एक वस्तूही उचलू शकत नाहीत. मात्र ‘लेटर बिफोर क्लेम’ (दावा टाकण्यापूर्वीचं शेवटचं पत्र) आलं तर ते वेगळं, त्याला 30 दिवसांच्या आत उत्तर द्यायचं असतं. मी दिलं, तरी त्यांनी दावा टाकलाच.

तेव्हा मी पहिली नोटीस आणि कॅलेंडर समोर घेऊन बसले. 2012 च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अॅक्टच्या चौथ्या परिशिष्टाने या कंपन्यांना एक मोठी सवलत दिली: चालक कोण ते कळलं नाही तर गाडीच्या कीपरकडून पैसे मागता येतात. पण ती सवलत सशर्त आहे. काचेवर काही लावलेलं नसेल आणि नोटीस थेट टपालाने येत असेल, तर ती पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून 14 दिवसांच्या आत कीपरच्या हातात पडली पाहिजे. आमच्या नोटिशीवर छापलेली तारीखच 14 दिवसांच्या पलीकडची होती. शिवाय त्या कायद्याचा उल्लेखसुद्धा नव्हता, नुसतं ‘चालक तुम्हीच होतात असं आम्ही गृहीत धरतो’.

सुनावणीची खोली म्हणजे एखाद्या ऑफिसातली मीटिंगची खोली. लांब टेबल, पाण्याचा जग, टोकाला डिस्ट्रिक्ट जज, अंगावर साधे कपडे. कंपनीने त्या दिवसापुरता एक तरुण वकील पाठवला होता. त्याने पार्किंगच्या अटी लिहिलेल्या पाटीचा फोटो पुढे केला: लख्ख ऊन, मागे हिरवीगार झाडं. मी म्हटलं, आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर होता, पाचच्या आत काळोख पडतो, आणि त्या पाटीवर दिवा नाही. जजबाईंनी फोटो उचलून पाहिला, बाजूला ठेवला आणि त्याला विचारलं, ‘नोटिशीची तारीख काय?’ तो फायलीत पुढे-मागे करत राहिला. तारीख मीच पान क्रमांकासकट सांगितली. मग मला विचारलं, गाडी तुम्ही चालवत होतात का? मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. दावा फेटाळला. वर माझी बुडालेली मजुरी आणि ट्रेनचं भाडं मिळालं. मजुरीला दिवसाला 95 पौंडांची मर्यादा आहे.

सासूबाईंच्या गरगरण्याबद्दल बाईंनी एक शब्द विचारला नाही. आपले लोक डिफेन्स (लेखी बचाव) म्हणून तीन पानं कहाणी लिहितात, आजारपण, ट्रॅफिक, रांग. त्याने अपिलात कधी मन वळेल, कोर्टात बहुधा नाही. कोर्टात तारीख, पाटी, जमीनमालकाशी कंपनीचा करार आणि दाव्याचा मजकूर चालतो. तुमच्या क्लेम फॉर्मवरचा मजकूर वाचा. नेमकी कोणती अट मोडली ते लिहिलंय का? 2023 मध्ये ल्युटन काउंटी कोर्टात असाच मोघम दावा अपिलात काढून टाकला गेला. तो निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नाही, पण दाखवता येतो.

आता तुमचं. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात इश्यू डेट आहे, तिच्यापासून पाचव्या दिवशी फॉर्म पोचला असं धरतात. त्यानंतर 14 दिवसांत ऑनलाइन अॅक्नॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस (फॉर्म मिळाल्याची पोच) करा, ‘पूर्ण दाव्याला हरकत’ यावर खूण करा, ज्युरिस्डिक्शनचा (कोर्टाच्या अधिकारालाच हरकत घेण्याचा) चौकोन रिकामा ठेवा. मग डिफेन्ससाठी इश्यू डेटपासून 33 दिवस मिळतात. त्यादरम्यान कंपनीकडे सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट (आपली माहिती मागण्याचा अर्ज) पाठवून सगळे फोटो आणि पत्रं मागवा, ती फुकट असते. आता स्मॉल क्लेममध्ये फोनवरचं मेडिएशन (मध्यस्थामार्फत तडजोडीची बोलणी) सक्तीचं आहे. फोन घ्या, पण प्रकरण मिटवण्यासाठी कोणी पन्नास पौंड मागितले म्हणून लगेच हो म्हणू नका. तीनशे पौंडांपर्यंतच्या दाव्यात सुनावणीची फी 27 पौंड आहे, ती भरायची वेळ आली की पुष्कळ कंपन्या दावा मागे घेतात.

भावोजी निकालानंतर म्हणाले, ‘तुझं नशीब जोरावर होतं.’ नशिबाचा काय संबंध? पत्रावर तारीख छापलेली होती आणि ती मी वाचली. त्यांनी स्वतः अशा नोटिशींचे पैसे न वाचता भरलेत आणि मंडळाच्या कार्यक्रमात अजून सगळ्यांना हाच सल्ला देतात. आपण मुकाट भरतो हे या कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे, त्यांचा धंदाच त्यावर चालतो. मुळात हा सरकारी दंड नाही. कराराचं येणं असल्याचा एका कंपनीचा दावा आहे, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी तिची आहे.

हेही सांगायला हवं की प्रत्येक जण जिंकत नाही. पाटी मोठी आणि स्पष्ट असेल, गाडी तुम्हीच चालवत असाल आणि वेळ उलटली असेल, तर कंपनी 2015 चा बीव्हिस खटला पुढे करेल. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कात 56 मिनिटं जास्त थांबल्याबद्दल 85 पौंड, आणि सुप्रीम कोर्टाने ते कंपनीच्या बाजूने उचलून धरले. अशा वेळी वरच्या सत्तर पौंडांवर तरी हरकत घ्या. आणि चालक तुम्ही असाल तर नाही म्हणू नका. डिफेन्सखाली सत्यतेची सही असते, खोटं लिहिणं हा कोर्टाचा अवमान. चालकाचं नाव कंपनीला सांगण्याची सक्ती नाही, एवढाच तुमचा हक्क.

नागरिकत्वाचं: हा फौजदारी गुन्हा नाही. पण अर्जात दिवाणी निकालांबद्दल विचारतात, तेव्हा सीसीजे (काउंटी कोर्टाचा तुमच्याविरुद्धचा निकाल) झालाच तर तो लपवता येत नाही. हरलात आणि महिन्याच्या आत सगळे भरलेत तर नोंद पुसली जाते, नाहीतर सहा वर्षं राहते आणि घराचं कर्ज मागताना आडवी येते. तुमच्या व्हिसाच्या बारकाव्यासाठी इमिग्रेशन सॉलिसिटरला विचारा. सगळ्यात वाईट सीसीजे होतात ते घर बदललेल्यांचे. लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जुना पत्ता, क्लेम फॉर्म तिकडे जातो, उत्तर न आल्याने निकाल परस्पर लागतो, आणि तो रद्द करून घ्यायच्या अर्जालाच तीनशे पौंडांच्या वर फी पडते. तुमचा पत्ता बदललेला असेल तर आजच डीव्हीएलएला (गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला) आणि त्या कंपनीला, दोघांनाही कळवा.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा. काउन्सिलची पेनल्टी चार्ज नोटीस असेल तर यातलं काही लावू नका, तिचं अपील ट्रायब्युनलकडे जातं.