जास्वंद काढण्याआधी

प्रिय मुली,

शर्टाच्या कापडासाठी काढलेली तुझी बाराही डिझाइनं नीट पाहिली. रेषेवर हात बसलाय, रंगही जमलेत. पण बाराच्या बारांत तीच लाल जास्वंद, तेच माड आणि मावळता सूर्य! सहा महिने होनोलुलूत राहून हेच काढायचं, तर दादरच्या तुझ्या खोलीत काय कमी होतं?

रागावू नकोस. हवाईचं राज्यफूल १९८८पासून पिवळी जास्वंद आहे, माओ हाऊ हेले. रानात ती आता दुर्मीळ झालीय. तू ती डोळ्यांनी पाहिलीस का, एवढंच विचारते.

तिथले सुरुवातीचे अलोहा शर्ट, म्हणजे ते नक्षीदार हवाई शर्ट, जपानी कापडाचे असत, त्यावर नक्षीही जपानचीच. १९३६मध्ये वाटूमल या आपल्याकडच्या सिंधी व्यापाऱ्यांच्या ईस्ट इंडिया स्टोअरनं एल्सी दास या चित्रकर्तीकडून फुलापानांची पंधरा डिझाइनं करून घेतली. ती छापून आली जपानहूनच. म्हणजे कापड आणि छपाई समुद्रापलीकडची, पण कापडावर बेटावरची झाडं आली. फरक चित्रकर्तीच्या नजरेनं पडला.

दुसरा माणूस आल्फ्रेड शाहीन. शिकला विमानांचं इंजिनिअरिंग, युद्धात लढाऊ विमान चालवलं. १९४८मध्ये कपड्यांचा धंदा काढला, तर मनासारखं कापड वेळेवर मिळेना. मग यानं छपाईची यंत्रंच स्वतः उभी केली. लोकांना गायक एल्विस प्रेस्लीच्या अंगावरचा त्याचा शर्ट आठवतो, मला ती यंत्रं आठवतात. तू निदान महिनाभर एखाद्या छपाईवाल्याकडे रंग ढवळ. छपाईच्या जाळीवर काय टिकतं आणि कुठे रेष फुटते, ते कॉम्प्युटरवर कळत नाही.

शिलाईचंही तसंच. पहिल्या नोकरीत मी हातभर रुंद फूल काढलं होतं, सगळ्यांनी वाखाणलं. शर्ट शिवून आला तेव्हा खिशानं त्या फुलाचं नाक कापलेलं. कटिंग मास्तर काही बोलले नाहीत, फक्त खिसा उसवून नक्षीशी जुळवून दाखवला आणि वाया गेलेलं कापड माझ्यापुढे ठेवलं. चांगल्या अलोहा शर्टाचा खिसा सापडू नये, इतका मागच्या नक्षीत मिसळलेला असतो. रिपीट, म्हणजे कापडावर पुन्हापुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, जितका मोठा, तितकं हे जुळवणं महाग. पैशांचा हिशेब कागदावरच सुरू होतो, बाई.

एक मात्र बजावते. तिथले मूळचे लोक कागदी तुतीची साल कुटून कापा नावाचं कापड करतात आणि बांबूच्या ठशांनी त्यावर नक्षी उमटवतात. ती नक्षी संग्रहालयात बघ, वहीत काढ, पण शर्टावर उचलू नकोस. तिच्यामागे घराणी आहेत, अर्थ आहेत. आपल्या वारल्यांच्या चित्रांचं मगांवर आणि पायपुसण्यांवर काय झालं, ते तू पाहिलंयस. कुणा जाणकाराच्या हाताखाली बसायला मिळालं तर बस, आणि नाही म्हणाले तर ऐक.

जमलं तर हिलोला जाऊन ये. सिग झेन या डिझायनरचं दुकान तिथं १९८५पासून आहे. बेटावरची झाडं शर्टावर कशी बसतात, ते तिथं कळेल. खरेदी करू नकोस, परवडायचं नाही.

नोकरी इतक्यात सोडू नकोस.

पुढच्या वेळी डिझाइन पाठवू नकोस. तिथं नीरफणस खूप, आपल्या कोकणातलाच. त्याचं एक झाड धर आणि वीस पानं काढून पाठव. किडलेली पानंही चालतील.

तुझी,
मावशी