बायोसिक्युरिटीत तांत्रिक करिअर करायचं, तर कोल्हापुरातून सुरुवात होईल का?

तुम्ही विचारलंय, ‘कोल्हापुरात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करतोय, बायोसिक्युरिटीत जायचंय, तर बायोइन्फॉर्मॅटिक्सचा कोर्स लावू का?’ बायोसिक्युरिटी म्हणजे घातक जंतू प्रयोगशाळेतून निसटू नयेत, चोरीला किंवा गैरवापरात जाऊ नयेत याची काळजी; बायोइन्फॉर्मॅटिक्स म्हणजे जनुकीय माहितीचं संगणकावर विश्लेषण. कोर्सचं नंतर बघा. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, निघालेला कचरा खरंच निर्जंतुक झालाय, हे तुम्हाला सिद्ध करून दाखवता येतं का?

दाबाच्या काट्यावर १५ पौंड दिसले की सगळे निर्धास्त होतात. पण आत निम्मी हवा अडकलेली असेल, तर त्याच दाबाला १२१ ऐवजी ११२ अंशच मिळतात. कुकरची शिट्टी वाफ सुटल्यावर लावतात ती याचसाठी. कचऱ्याची पिशवी गच्च भरून तोंड करकचून बांधली, तर मधोमध वाफ पोचतच नाही. पिशवीवर लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवर काळे पट्टे मात्र झकास उमटतात. म्हणून पिशवी दोन-तृतीयांशच भरायची, तोंड सैल सोडायचं आणि जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जिवाणूच्या स्पोअरची (बीजाणूंची) कुपी पिशवीच्या पोटात ठेवायची. मग ती कुपी आणि ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली दुसरी कुपी, दोन्ही ५५ ते ६० अंशांवर ठेवायच्या. स्पोअर जिवंत असतील, तर कुपीतलं जांभळं द्रव पिवळं होतं. दुसरी पिवळी झालीच नाही, तर पहिली जांभळी राहिली याला काडीचा अर्थ नाही.

क्लास टू कॅबिनेटमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोताखाली जंतू हाताळायच्या कपाटात, बर्नर पेटवला की वरून येणारा झोत विस्कटतो. पुढच्या जाळीवर वही टेकवली तरी तेच. याला ‘मेकॅनिकचं काम’ म्हणून नाक मुरडणाऱ्या विद्वानांशी माझं कधीच पटणार नाही. बीएसएल-थ्रीचा (घातक जंतूंसाठीच्या तिसऱ्या सुरक्षा-पातळीच्या प्रयोगशाळेचा) निगेटिव्ह प्रेशर, म्हणजे हवा बाहेर पडू नये म्हणून आत कमी ठेवलेला दाब, शोधनिबंध लिहून टिकत नाही. शिरोली एमआयडीसीत डक्टिंग (हवेच्या नळ्या बसवण्याचं काम) करणारा डिप्लोमावाला तिथे जास्त उपयोगी पडेल.

‘बायोसिक्युरिटी’ अशा पाटीची नोकरी कोल्हापुरात शोधू नका. पुण्याला एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्थेची) बीएसएल-फोर, म्हणजे सर्वोच्च सुरक्षा-पातळीची प्रयोगशाळा आहे, लसीच्या कंपन्या आहेत. भोपाळला पशुरोगांची उच्च-सुरक्षा संस्था आहे. जागा बायोसेफ्टी, व्हॅलिडेशन (यंत्र-पद्धत खरंच काम करते हे तपासून सिद्ध करणं), क्वालिटी अशा नावांनी निघतात. इथे बसून करण्यासारखं म्हणजे विभागातल्या कल्चरची (वाढवून साठवलेल्या जंतूंची) नोंदवही: कुपीचा नंबर, फ्रीझरमधली जागा, कुणी काढली, किती उरली. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष मोजून जुळवा. एक कुपी कमी भरली, तर ‘लिहायचं राहिलं असेल’ म्हणून पान उलटू नका, तिचा माग काढा. जनुकीय बदलाचं काम चालत असेल, तर १९८९ च्या नियमांनुसार तिथे आयबीएससी (संस्थेची जैवसुरक्षा समिती) असणारच; तिच्या बैठकीची कागदपत्रं तयार करायला मदत मागा, नाही म्हणणारे कमी.

बायोइन्फॉर्मॅटिक्स वाईट नाही हं. सांडपाण्यातले विषाणू हुडकायला, डीएनए संश्लेषणाच्या ऑर्डरी तपासायला ते लागतंच. संशोधक व्हायचं असेल, तर पीएच.डी.ही चुकत नाही. पण अर्जासोबत प्रमाणपत्रांच्या वर व्हॅलिडेशनचा रिपोर्ट लावा, फेल गेलेल्या फेऱ्यांसकट.