शंका-समाधान : आंबट कधी घालावं, कशात ठेवावं

प्रश्न : आमटीसाठी तूरडाळ आणि चिंच एकदमच कुकरला लावते. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाणेदारच राहते. डाळ जुनी असेल का?

उत्तर : आधी चिंच मागाहून घालून बघा. डाळीच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना ते विरघळतं, म्हणून डाळ गळते. आंबट पाण्यात ते दाद देत नाही. वाटीभर डाळीला तीन वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून मऊ शिजवा, घोटा, फोडणीला टाका आणि मगच चिंचेचा कोळ घाला. पुढं पाच-सात मिनिटं उकळली की कोळाचा कच्चट वास जातो. आमसूल, टोमॅटो यांचंही तेच.

आंबट न घालताही डाळ अडत असेल, तर बोअरच्या जड पाण्यावर संशय घ्या. चिमूटभर सोड्यानं ती गळते खरी, पण चव साबणासारखी लागते आणि ब१ जीवनसत्त्व जातं. बटाट्याच्या रश्श्यात मात्र आंबटाचा हाच गुण पथ्यावर पडतो. फोडी मोडायला नको असतील तर टोमॅटो आधी घाला.

प्रश्न : पितळी पातेल्यात ठेवलेलं ताक कळकलं. उकळून कढी केली तर चालेल?

उत्तर : नाही, ओतून द्या. आंबटामुळं पितळेतलं तांबं ताकात उतरलंय. उकळल्यानं ते जात नाही. पोटात गेलं की मळमळ, उलट्या होतात. पातेल्याच्या आत चंदेरी थराखालून पिवळं डोकावत असेल, तर कल्हई करायला झाली. नवी कल्हई तारेच्या घासणीनं घासू नका, भांडं रिकामं तापवूही नका: कल्हईतलं कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. चिंच-मिठानं उजळायचं ते फक्त बाहेरून.

प्रश्न : लिंबू चिरून ठेवलं, तर कडाप्प्याच्या ओट्यावर पांढुरका गोल उमटला. तो जात नाही.

उत्तर : जाणारही नाही, कारण तो डाग नसून झीज आहे. कडाप्पा म्हणजे चुनखडकच; आंबट लागलं की झिलई खाल्ली जाते. पुन्हा पॉलिश करणं हाच उपाय. संगमरवराची तीच गत, ग्रॅनाइट मात्र लिंबाला टिकतो. नळावरच्या क्षारांना व्हिनेगरचं फडकं अर्धा तास गुंडाळाल, तेव्हा खाली ताटली ठेवा.

आणि न विचारलेलं एक: संडास धुवायचं अ‍ॅसिड नि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.